‘छत्तीसगढ मित्र’ आणि वृत्तपत्राचा धर्म



मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग स्थानक सोडून गाडी रायपूरकडे निघाली, की थोड्याच वेळात भिलाईचा परिसर सुरू होतो. ह्या परिसरातील एका स्थानकाचे नाव ‘भिलाई पावर हाउस’ असे आहे. हिंदुस्थानातील बहुतेक गावांची नावे देवांवरून, राजांवरून, झाडांवरून किंवा नद्यांवरून पडलेली असतात. येथे मात्र नावातच वीजघर आहे. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते सुरू झाली. भातशेतीच्या ह्या मुलखात देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली आणि येथेच राहिली. पावर हाउसच्या बाजारात घटकाभर उभे राहावे, तर छत्तीसगढी आणि हिंदीबरोबर तेलुगू, बंगाली, मल्याळम, पंजाबी आणि आपली मराठीही कानांवर पडते.

अशी वस्ती पाहिली म्हणजे मनात एक प्रश्न येतो. एका ठिकाणी राहणारी माणसे ‘समाज’ केव्हा होतात? बाजारामुळे त्यांचे व्यवहार चालतात, कायद्यामुळे त्यांच्यात शांतता राहते. परंतु शेजाऱ्यावर ओढवलेली आपत्ती आपल्याला कळावी, तिच्याविषयी आपले काही मत व्हावे आणि ते चार लोकांपुढे मांडता यावे, एवढे घडल्यावाचून जमावाचा समाज होत नाही. गेली दोन शतके हे काम मुख्यतः वृत्तपत्राने केले आहे. ते कसे केले, त्यासाठी काय मोल द्यावे लागले आणि कोठे ते अपुरे पडले, ह्याचा विचार करण्यास ह्याच छत्तीसगढात एक उत्तम उदाहरण सापडते. ते एका मराठी माणसाचे आहे. त्याने काढलेले पत्र मात्र मराठी नव्हते.

ह्या गोष्टीची पार्श्वभूमी थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे. नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगढात प्रथम १७४१ साली आली. पुढे १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूर येथे राहून कारभार पाहत होते आणि त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा हा मुलूखही इंग्रजांकडे गेला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे ह्या प्रदेशाने मराठी माणूस पाहिला तो मुख्यतः सत्ता गाजविणारा आणि सारा वसूल करणारा म्हणून. सत्ता गेली, तरी मराठी कुटुंबे राहिली. कोणी वकील झाले, कोणी शिक्षक, कोणी कारकून. ह्या घरांतून मराठी बोलली जाई, उंबरठ्याबाहेर मात्र हिंदी आणि छत्तीसगढी.

माधवराव सप्रे हे अशाच एका मराठी कुटुंबात १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया ह्या गावी जन्मले. त्यांचे शालेय शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले, पुढे ते पदवीधर झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. सप्र्यांनी त्या दारातून आत जाण्याचे नाकारले आणि पेंड्रा ह्या जमीनदारीत राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम पत्करले. पेंड्रा हे बिलासपूरच्या उत्तरेस डोंगराळ, जंगली भागातले लहानसे ठिकाण. तेथे छापखाना नव्हता, आणि वाचकवर्ग म्हणावा असाही नव्हता. अशा ठिकाणी राहून, शिक्षकाच्या पगारातून पैसे बाजूला टाकून, ह्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने जानेवारी १९०० मध्ये एक हिंदी मासिक सुरू केले. त्याचे नाव ‘छत्तीसगढ मित्र’. छत्तीसगढातील नियतकालिकांचा इतिहास येथून सुरू होतो.

ह्या कामात सप्रे एकटे नव्हते. रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहसंपादक होते आणि प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी होते. मासिक पेंड्र्याहून निघे, पण छापले जाई ते आरंभी रायपूरला आणि पुढे नागपूरला. मजकूर लिहावयाचा जंगलात, तो खिळ्यांत जुळवावयाचा सुमारे दोनशे किलोमीटरांवर, आणि छापून झाला की टपालाने गावोगाव पाठवावयाचा, असा हा सारा खटाटोप होता.

मासिकाला त्यांनी दिलेल्या नावात मला ह्या सर्व उद्योगाचे मर्म दिसते. ज्यांच्या वाडवडिलांची भाषा येथे एके काळी हुकमाची भाषा होती, त्यांनी येथील लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावयास आरंभ केला आणि स्वतःस ‘मित्र’ म्हणवून घेतले. सुभेदारापासून मित्रापर्यंतचा हा प्रवास लहान नाही. पत्र संपादकाच्या मातृभाषेत निघावे असा काही नियम नाही. ज्यांच्यासाठी ते काढावयाचे त्यांच्या भाषेत ते निघावे, हा खरा नियम. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याचे स्तंभ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत ठेवले होते. राज्य करणाऱ्यांना लोक काय म्हणतात ते कळावे आणि लोकांना जगात काय चालले आहे ते कळावे, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. सप्र्यांनी हाच हेतू एका निराळ्या मुलखात नेला. त्यांच्याच पिढीच्या आसपास सखाराम गणेश देऊस्कर बंगाली पत्रसृष्टीत गाजले आणि बाबूराव विष्णू पराडकर ह्यांनी काशीच्या ‘आज’ ह्या पत्रातून हिंदी वृत्तपत्राची भाषा घडविली. मराठी माणसांनी परभाषांची केलेली ही सेवा आपल्याकडे फारशी आठवली जात नाही. हिंदी आणि बंगाली वाचक मात्र ती विसरलेले नाहीत.

मित्राने गोड बोलावे, ही अपेक्षा सर्वांचीच असते. ‘छत्तीसगढ मित्रा’ने ती फारशी पाळली नाही. हिंदीत त्या काळी पुस्तके पुष्कळ निघू लागली होती, पण त्यांचे गुणदोष निर्भीडपणे सांगणारे परीक्षण क्वचितच होई. परस्परस्तुती हीच समीक्षा समजली जात होती. सप्र्यांनी पहिल्या अंकापासूनच पुस्तकांचे परखड परीक्षण हे मासिकाचे एक मुख्य कार्य ठरविले. ख्यातनाम लेखकांच्या कृतीही त्यांनी तपासून पाहिल्या. चांगले ते चांगले म्हटले आणि सदोष ते सदोष. म्हणूनच हिंदी समीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्यांना ह्या मासिकाजवळ थांबावे लागते. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचे काम हाती घेतले, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांची जबाबदारी सप्र्यांकडे आली. शब्द नेमका असावा, हा आग्रह धरणाऱ्या संपादकाकडे ते काम जावे, हे स्वाभाविकच होते.

ह्याच मासिकात १९०१ साली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा कोणती, ह्या वादात तिचे नाव नेहमी घेतले जाते. कथानक साधे आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते आणि शेजारी एका अनाथ विधवेची झोपडी असते. वकिलांच्या साहाय्याने तो झोपडीचा ताबा मिळवितो. म्हातारी एके दिवशी येते आणि झोपडीतली टोपलीभर माती मागते. त्या मातीची चूल केली तर आपली रुसलेली नात जेवेल, असे ती सांगते. माती भरल्यावर टोपली उचलू लागण्याची ती जमीनदारालाच विनंती करते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला विचारते, की एका टोपलीचा भार सोसत नाही, तर ह्या जागेत अशा हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा सोसणार? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

ही कथा लिहिली गेली तेव्हा तिचा लेखक एका जमीनदाराच्याच पदरी शिक्षक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे धैर्य कळते. आणि तिचा काळही ध्यानात घेतला पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावर पाठोपाठ कोसळले होते. ‘मित्रा’चा पहिला अंक निघाला तो दुसऱ्या दुष्काळाच्या ऐन भरात. लोकांजवळ धान्यालाच पैसा नव्हता, तेथे मासिकाला कोठून असणार?

दुष्काळाच्या संदर्भात मला शासन आणि वृत्तपत्र ह्यांच्यातील एक भेद येथे सांगावासा वाटतो, कारण माझे आयुष्य कचेरीत अहवाल लिहिण्यात आणि वाचण्यात गेले आहे. अहवाल खालून वर जातो. तलाठ्याकडून तहसीलदाराकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्याकडे, तेथून सचिवालयाकडे. प्रत्येक पायरीवर त्यातले थोडे काही गळते, आणि बहुधा गळते ते वरच्याला न आवडणारे असते. ह्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. ज्याला उत्तर द्यावयाचे त्याच्याकडे पाहून लिहिणे हा मनुष्यस्वभाव आहे. वृत्तपत्र वर जात नाही, चहूकडे जाते. ज्याच्याविषयी ते लिहिते, त्याच्याही हातात ते पडते; लिहिलेले खोटे असेल तर तो दुसऱ्या दिवशी तसे सांगू शकतो. म्हणून कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला वृत्तपत्राचा कितीही त्रास झाला, तरी त्याच्यावाचून त्याला खरे कळण्याचा मार्ग फार अरुंद असतो.

१८९६ च्या दुष्काळात हे महाराष्ट्राने पाहिले. सरकारचे दुष्काळनिवारणाचे नियम छापलेले होते; सारासूट कधी मिळावी, कामे केव्हा उघडावी, हे सारे त्यांत होते. ते नियम कपाटात होते आणि शेतकरी उपाशी होता. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ते नियम शेतकऱ्यांना समजावून सांगितले आणि सरकारने स्वतः मान्य केलेले हक्क मागावयास शिकविले. नियम सरकारचेच, पण लोकांना ते कळताच सरकार अस्वस्थ झाले. पुढील वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्याचे निमित्त निराळे होते. पण ह्या अस्वस्थतेचा आणि त्या खटल्याचा काहीच संबंध नव्हता, असे मानणे कठीण आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळातही असेच घडले. सरकार ‘दुष्काळ’ हा शब्द उच्चारावयास तयार नव्हते. तेव्हा कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे इंग्रज संपादक इयान स्टीफन्स ह्यांनी २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली, आणि जगाला ते संकट दिसले. जेथे लोकशाही आणि स्वतंत्र वृत्तपत्रे आहेत तेथे मोठा दुष्काळ पडत नाही, असा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन ह्यांनी पुढे मांडला. त्याच्या मुळाशी हाच अनुभव आहे.

आता ‘मित्रा’कडे परत वळू. हे मासिक तीन वर्षे चालले. डिसेंबर १९०२ मध्ये ते बंद पडले. ते सरकारने बंद पाडले नाही, कोणी छापखान्यावर टाळे ठोकले नाही. ते बंद पडले पैशाअभावी. अंक घेणारे होते, पण वर्गणी भरणारे थोडे होते. वृत्तपत्रस्वातंत्र्याविषयी बोलताना आपण सरकारी दडपणाचा विचार पुष्कळ करतो. वाचकाच्या थकलेल्या वर्गणीचा करीत नाही. वाचक आपले पैसे देत नाही, तेव्हा ते पैसे दुसरा कोणीतरी देतो, आणि मग पत्र त्याचे होते. सप्र्यांनी दुसऱ्या कोणाचे पैसे घेऊन पत्र चालविण्यापेक्षा ते थांबविले. त्यांचे प्रकाशक लाखे हे पुढे रायपूर भागात सहकारी चळवळ रुजविणाऱ्यांत अग्रेसर ठरले. ह्याचे मला नवल वाटत नाही. वृत्तपत्र आणि सहकारी पेढी ही दोन्ही, लोक आपापला वाटा वेळेवर भरतील ह्या एकाच विश्वासावर उभी असतात.

मासिक बुडाल्यानंतरही सप्रे खचले नाहीत. १९०६ साली त्यांनी नागपूरहून ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली आणि एप्रिल १९०७ मध्ये ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. टिळकांच्या ‘केसरी’चे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा उद्देश होता. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑगस्टमध्ये सप्र्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर ह्यांच्यावरही त्याच सुमारास राजद्रोहाचा खटला झाला. सप्रे काही महिने कारागृहात होते. प्रकृती ढासळली होती, घरचे लोक व्याकूळ झाले होते. वडील बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी क्षमापत्र लिहून दिले आणि त्यांची सुटका झाली.

हा प्रसंग चरित्रकार कधी घाईने उरकतात, कधी टाळतात. मला तो टाळण्यासारखा वाटत नाही. लेखणी चालविणाऱ्याला किती मोल द्यावे लागते, हे शिक्षा भोगणाऱ्याच्या चरित्रातून जसे कळते, तसेच ती भोगू न शकलेल्याच्या चरित्रातूनही कळते. सप्र्यांना त्या कागदाची बोचणी जन्मभर राहिली. सुटकेनंतर ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. मधुकरी मागून ते काही काळ राहिले, रामदासी पंथाच्या सान्निध्यात त्यांनी ‘दासबोधा’चे अध्ययन केले आणि त्याचा हिंदी अनुवाद सिद्ध केला. टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाल्यावर त्याचेही हिंदी रूपांतर सप्र्यांनीच केले. मंडालेच्या कारागृहात लिहिलेला ग्रंथ हिंदी जगताला मिळाला तो कारागृहातून क्षमा मागून सुटलेल्या शिष्याच्या हातून. ह्यात मोठे कारुण्य आहे आणि मोठी परतफेडही आहे.

त्यानंतर सप्र्यांनी स्वतःच्या नावाने पत्र चालविले नाही. पत्रे चालविणारी माणसे तयार केली. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले, त्यामागे सप्र्यांची प्रेरणा होती आणि संपादक होते कवी माखनलाल चतुर्वेदी. पुढच्याच वर्षी चतुर्वेदींना राजद्रोहासाठी शिक्षा झाली आणि त्यांनी ती बिलासपूरच्या तुरुंगात भोगली. गुरूकडून जे निभावले नाही ते शिष्याने निभावले. त्याच जानेवारी महिन्यात, ३१ तारखेला, मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. एका महिन्यात निघालेल्या ह्या दोन पत्रांची नावे शेजारी ठेवून पाहावी. एक कर्माला पुकारते, दुसरे ज्यांना आजवर कोणी बोलू दिले नाही त्यांच्या वतीने बोलते. ‘मूकनायका’ने एक गोष्ट निर्विवाद दाखवून दिली: समाजात पुष्कळ पत्रे निघत असली, म्हणजे समाजातले सर्व लोक बोलत आहेत असे होत नाही.

सप्रे १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. भोपाळमध्ये १९८४ साली जुन्या वृत्तपत्रांचे जे संग्रहालय स्थापन झाले, त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांचे पेंड्रा १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगढ राज्यात आहे. सप्र्यांनी मासिकाच्या नावात घातलेला प्रदेश शंभर वर्षांनी राज्याच्या रूपाने नकाशावर आला.

आरंभी पावर हाउसचा उल्लेख केला, तो केवळ भूगोल म्हणून केला नव्हता. भिलाईच्या आसपासच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी मजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी ह्यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी ह्याच पावर हाउस स्थानकाजवळ, आपल्या मागण्यांसाठी रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा घटनेचे दोन प्रकारचे लेखन होते. एक अहवाल होतो: त्यात वेळ असते, आदेश असतो, फैरींची संख्या असते, मृतांचा आकडा असतो. तो आवश्यकच आहे. परंतु आकड्यातली माणसे कोणत्या गावची, काय काम करणारी, किती मजुरी मिळविणारी होती आणि त्या दिवशी ती रुळांवर का बसली होती, हे सांगण्याचे काम दुसऱ्या लेखनाचे आहे. रुळांच्या एका बाजूला राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या माणसाचे घर कळावे, एवढ्यासाठी तरी वृत्तपत्र हवे. ते काम झाले नाही, तर एकाच बाजारात भाजी घेणारी माणसे एकमेकांना परकी राहतात.

वृत्तपत्र आपोआप चांगले असते, असे माझे म्हणणे नाही. जाहिरातदाराच्या, मालकाच्या आणि सत्तेच्या मर्जीने चालणारी पत्रे पूर्वी होती, आजही आहेत. आज तर प्रत्येकाच्या खिशातल्या दूरध्वनीवर दर घटकेला बातमी येते. तिच्यातली खरी किती आणि कोणी मुद्दाम पेरलेली किती, हे ओळखणे कठीण झाले आहे. अशा वेळी पेंड्र्याच्या त्या शिक्षकाने मासिकाला दिलेले नाव कसोटी म्हणून वापरता येईल. हे पत्र माझ्या भाषेत माझ्याशी बोलते काय? माझी चूक मला तोंडावर सांगते काय? बलवंताच्या दारी राहूनही दुर्बळाची टोपली त्याला उचलावयास लावते काय? आणि शेवटचा प्रश्न आपल्या स्वतःसाठी: त्याची वर्गणी मी भरली आहे काय?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संपादकांनी द्यावयाची आहेत. चौथ्याचे उत्तर देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. १९०२ साली ते उत्तर वेळेवर मिळाले असते, तर छत्तीसगढचा पहिला मित्र तीन वर्षांतच मुका झाला नसता.